महापौरांचा झगा

शपथ झाली, लोक पांगले, तेव्हा गिरजाबाई लेकीच्या दालनात शिरल्या. नव्या महापौर उज्ज्वलाच्या अंगावर तो लाल झगा अजून होता. तो चढवला की आधीच्या साऱ्या महापौरांच्या आठवणी नव्या डोक्यात उतरत.

"उज्जे, यासाठीच तुला निवडणुकीला उभी केली. सांग आता. तुझा बाप आत झोपलेला असताना आपल्या वस्तीवर बुलडोझर कोणी घातला?"

उज्ज्वलाला वस्ती पाडायच्या हुकमावरची ती सही आठवली. सहीनंतरचा चहाही आठवला; त्यात आलं जास्त झालं होतं.

नाव ओठांवर आलं, पण तोंडून निघालं भलतंच. "रस्ता हवाच होता, बाई."

गिरजाबाईंनी झग्याची बाही ओढली. मग म्हणाल्या, "झगा काढ आधी."

उज्ज्वलाने झगा काढून खुर्चीवर टाकला, आईचा हात धरला, रडलीही. तरी रस्ता तिला हवाच वाटत होता.