प्रवचन आटोपलं की

म्हातारबांनी पुन्हा मान हलवली. नाही म्हणजे नाही.

चर्चचे फादर मरणाऱ्याच्या कपाळाला लावायच्या पवित्र तेलाची कुपी घेऊन खाटेशी उभे होते. तीन जिने चढून आले होते बिचारे, अजून धाप लागलेली. "तुमचा मुलगा येईलच हो," ते म्हणाले, "पण तोवर मी लावतो ना तेल. संस्कार तोच. हात कुणाचा का असेना."

"माझा फादर येतोय," म्हातारबा म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. पोटचा पोरगा धर्मगुरू झाल्यापासून ते त्याला असंच म्हणायचे, माझा फादर. चारचौघांत तर जरा जास्तच मोठ्यानं.

फादरांनी म्हातारबांच्या मुलीकडे पाहिलं. ती तरी काय करणार? मरणाऱ्या माणसाशी भांडायचं का? "राहू द्या," ती म्हणाली. फादरांना आणखी एका आजाऱ्याकडे जायचं होतं. ते गेले.

तिनं भावाला फोन लावला. सकाळपासून चौथ्यांदा.

"बाबांचं काही खरं नाही. तेल तुझ्याच हातून हवंय, हट्ट धरून बसलेत. आत्ताच्या आत्ता नीघ."

"प्रवचन आटोपलं की निघतोच, ताई. चर्च खच्चून भरलंय गं. लोक कुठून कुठून आलेत."

"आणि बाप?"

"अर्धा तास. फक्त अर्धा तास दे मला."

त्याचा अर्धा तास म्हणजे काय, ते अख्ख्या घराला ठाऊक होतं. माइक हातात आला की घड्याळ गेलं खड्ड्यात.

त्याचं प्रवचन फोनवर थेट दिसायचं. तिनं फोन उशीशी टेकवून ठेवला. प्रत्यक्ष नाही तर नाही, निदान तोंड तरी दिसू दे म्हाताऱ्याला. आणि बोलत काय होता हो तो! शुभवर्तमानातला, येशूनं बरा केलेला एकेक आजारी डोळ्यांपुढे उभा करत होता.

"वचन नुसतं कानात राहिलं तर ते अर्धंच," तो सांगत होता. "ते हातात उतरतं, तेव्हा संस्कार होतो. प्रभू लांबून बोलून थांबला नाही. त्यानं आजाऱ्याच्या अंगाला हात लावला!" कॅमेरा लोकांवरून फिरला. बायका डोळे पुसत होत्या.

फोन उचलावा आणि भिंतीवर आपटावा, असं मुलीला झालं. पण म्हातारबा त्याच्याकडे टक लावून बघत होते. तिनं उशी जरा उंच करून दिली.

अर्ध्या तासाचा तास झाला. म्हातारबांच्या घशात घरघर सुरू झाली, तशी ती शेजारच्या नर्सला हाका मारत धावली. नर्स आली, नाडी बघितली, छाती तपासली. "गेले," म्हणाली. डोळे मिटवले, हनुवटीखालून पट्टी घेऊन डोक्यावर गाठ मारली. फोनमध्ये प्रवचन ऐन रंगात आलं होतं. नर्सनंच ते बंद केलं.

भाऊ आला तो झग्यासकट, जिने धावतच चढून. कुपी वाटेतच उघडलेली. अंगठा तेलात बुडवून तो खाटेवर वाकला आणि पट्टी दिसली तसा थांबला.

"कधी?"

"झाला बराच वेळ."

"मेलेल्याला हा संस्कार देता येत नाही," तो स्वतःशीच बोलल्यासारखं बोलला. मग एकदम तिच्याकडे वळला. "पण शंका असेल तर देता येतो, ताई. नियमच आहे तसा. तू फक्त म्हण, गेलेत की नाही ते नक्की माहीत नाही. एवढंच म्हण."

तिला त्याची दया आली. रागही आला, आणि राग जास्त होता.

"मला नक्की माहीत आहे," ती म्हणाली.

त्याचा अंगठा तसाच हवेत राहिला. तेल मनगटावर ओघळत होतं, त्याला ते पुसायचंही सुचेना.

"शेवटी... काही म्हणाले?"

सांगू नये, असं तिला क्षणभर वाटलं. मग वाटलं, का नाही सांगायचं?

"म्हणाले, आवाज वाढव."