बुधरीची सुई

दाट पांढरं पेनिसिलिन सुईत पुन्हा अडकलं. सत्यशीलाबाईंनी सुई काढली, बदलली आणि बाकावर पालथ्या पडलेल्या पोरीच्या कमरेत दुसऱ्यांदा टोचली. पोरगी हललीसुद्धा नाही. या सुईनं भल्याभल्या गड्यांना आई आठवते.

"झालं, बुधरी. ऊठ."

ती उठली, परकर सावरत लंगडत भिंतीशी जाऊन बसली. सुईनंतर थोडं थांबायचं, हे तिला आता सांगावं लागत नसे.

सत्यशीलाबाई थकल्या होत्या. अहेरीच्या आत, जंगलातल्या या उपकेंद्रात नर्स म्हणून त्यांची उमेदीची वर्षं संपली होती. आरमोरीला, माहेराजवळ बदली मागून मागून आता त्यांनी मागणंही सोडलं होतं. इथं सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. ताप एकाला, गोळ्या न्यायला यायचा दुसराच, आणि ताप उतरला की उरलेल्या गोळ्या शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाटून मोकळे. रागावून रागावून बाईंचा रागही दमला होता.

त्यात हा घशाचा जंतू. स्ट्रेप्टोकोकस हे त्याचं नाव त्यांनी ट्रेनिंगमध्ये घोकून पाठ केलं होतं, पण इथं ते सांगणार कोणाला? पोराचा घसा दुखतो, बरा होतो. मग गुडघे, घोटे सुजतात, तेही उतरतात. घरचे म्हणतात, गेलं दुखणं. ते गेलेलं नसतं. हृदयाची झडप खराब करून बसलेलं असतं. पुन्हा घसा धरला की झडप आणखी खराब. त्यावर उपाय एकच, दर तीन आठवड्यांनी ही सुई, वर्षानुवर्षं. पोचू नावाच्या पोराच्या घरच्यांनी ती अर्ध्यात सोडली आणि पोचू गेला. बाई त्याच्या बापावर ओरडल्या, आणि खोलीवर येऊन स्वतःच रडत बसल्या.

बुधरीचं तसं होऊ द्यायचं नाही, एवढंच त्यांनी मनाशी धरलं होतं. चंद्रपूरच्या दवाखान्याचं कार्ड आणि ही पोरगी दोन्ही एकदमच त्यांच्या दारात आली होती. झडप खराब आहे, पेनिसिलिन द्या, असं कार्डावर लिहिलेलं. पोरगी माडिया बोलणारी, मराठी कामापुरतं. बाईंनी तिला बजावलं, "सुई चुकली तं जीव जाईन. घरी सांगजो." तिनं मान हलवली. तेव्हापासून तिची एक खेप चुकली नाही. नाल्याला पूर आला तर डोंगराला वळसा घालून आली. यायची, कार्ड पुढं करायची, बाकावर पालथी पडायची. बोलणं नाही, रडणं नाही. बदलीचा विचार बाईंनी सोडला त्याला ही पोरगीही थोडी कारण होती.

आज गडचिरोलीहून डॉक्टर केंद्र बघायला आले होते. आयती संधी साधून बाईंनी पोरीला त्यांच्यापुढं उभं केलं. डॉक्टरांनी छातीला नळी लावली. तिला डाव्या कुशीवर वळवून ऐकलं. पाठीवर ऐकलं. कार्ड वाचलं आणि पुन्हा छातीला नळी लावली.

"सिस्टर, आवाज नाही," डॉक्टर म्हणाले.

"कसला आवाज?"

"खराब झडपेचा. ठोके अगदी स्वच्छ आहेत. लवकर सुया सुरू झाल्या आणि एकही चुकली नाही, तर काही मुलांची झडप सुधारते. सुया चालू ठेवा अजून. पण ही पोर वाचली म्हणायची. तुम्ही वाचवलीत."

इतक्या वर्षांत बाईंना असं कोणी म्हणालं नव्हतं. डोळे भरून आले, आणि आज त्यांनी ते लपवलेही नाहीत. डॉक्टर आवरून जीपकडे निघाले. बाईंनी पोरीला जवळ ओढलं, तिच्या राठ केसांवरून हात फिरवला.

"आयकलं का वो पोरी? बिमारी गेली. सुयांचा गुण आला."

पोरगी हसली नाही. बाईंचं बोलणं नीट समजून घेत असल्यासारखी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"गुण आला?"

"आला ना. डाक्टरसाहेबच म्हनून राह्यले."

"मंग ते काऊन उठत नाई?"

"कोन?"

"बुधरी."

बाईंचा हात तिच्या केसांतच थांबला.

"आन् तू कोन हावस?"

"मंगरी. तिची बहीन." मंगरीला बाईंचंच नवल वाटलं. एवढ्या शिकलेल्या बाईला हेही सांगावं लागावं! "तिले इथवर चालवत नाई. दम लागते. रोडाच्या कामावर बी तिच्या जागी मीच उभी राह्यतो. मुकादम बुधरी म्हनते, मी हाव म्हनतो, हजेरी तिची लागते. तुमी बी बुधरी म्हनल्या, म्या हाव म्हनलं."

बाहेर जीप सुरू झाल्याचा आवाज आला. बाई दाराकडे धावल्या. मागून मंगरीनं त्यांचा पदर धरला. आजवर सुईला न रडलेली ती पोर आता रडत होती.

"तिची एकबी सुई म्या चुकवली नाई, बाई. मंग ते काऊन उठत नाई?"