बाप्तिस्म्याची शाल

सार्डिनियात फावा शेंगा खाल्ल्या की ज्यांचं रक्त नासतं, अशी घराणी गावोगाव आहेत. बोनारियाचं माहेर त्यातलंच, म्हणून गरोदरपणीच तिनं परसातला शेंगांचा वाफा मुळासकट उपटला. तरी बाप्तिस्म्यानंतर तिसऱ्या दिवशी बाळ केशरासारखं पिवळं पडलं. "चोरून शेंगा खाल्ल्यास ना, चटोर कुठली? बाळाला विष पाजलंस!" दवाखान्यातही सासूचं तोंड थांबेना. डॉक्टरांनी बाळाभोवतीची शाल हुंगली. "हा वास कसला?" सासूनं मान ताठ केली. "डांबरगोळ्यांचा. माझ्या मुलाच्या बाप्तिस्म्याची शाल आहे. तीस वर्षं जपली, कीड लागू दिली नाही." डॉक्टर म्हणाले, "या बाळाच्या रक्तात आईच्या माहेरचाच दोष आहे. शेंगांसारखीच या गोळ्यांची वाफही अशा रक्तातल्या पेशी फोडते." संध्याकाळी बाळ गेलं. बोनारियानं शालीची घडी घालून सासूच्या मांडीवर ठेवली. "घ्या आई, पेटीत ठेवा. हिला अजूनही कीड लागलेली नाही."