मुंबई, तीनशे दोन

“एकोणीसशे एकाहत्तर, मुंबई, तीनशे दोन,” राधाकृष्णाचा वकील म्हणाला आणि खाली बसला.

न्यायाधीशांनी मान हलवून ते टिपून घेतलं. मागच्या बाकावर गोजरबाईनं आपल्या मुलाचं, गोरक्षचं मनगट पकडलं.

दावा पाण्याचा होता. केडगावच्या शिवारातली सामाईक विहीर, एका बाजूला हे मायलेक, दुसऱ्या बाजूला भावकीतला राधाकृष्ण. कोणाची पाळी किती, एवढंच नगरच्या कोर्टानं ठरवायचं होतं. वकिलांचं निम्मं बोलणं गोजरबाईला कळत नव्हतं. पण तीनशे दोन हे कलम गावातल्या पोरासोरांनाही माहीत होतं. तीनशे दोन म्हणजे खून. मग फाशी, नाहीतर जन्मठेप.

राधाकृष्णाचा धाकटा भाऊ कानिफनाथ गेल्या उन्हाळ्यात त्याच विहिरीत मेला होता. पोलिसांनी पंचनामा केला, पाय घसरून पडला असं लिहिलं आणि प्रकरण मिटलं. आदल्याच दिवशी त्यानं गोरक्षला सगळ्यांसमोर आईवरून शिवी दिली होती.

त्या संध्याकाळी गोजरबाई गोरक्षसाठी भाकरी घेऊन विहिरीवर गेली होती. गोरक्ष तिथं नव्हता. काठावर कानिफनाथाच्या वहाणा होत्या आणि पाण्यावर त्याची टोपी तरंगत होती. ती पळत घरी आली. कोणाला काही बोलली नाही. गोरक्ष अंधार पडल्यावर आला आणि न जेवता झोपला. तेव्हापासून तो तिला विहिरीवर एकटीला जाऊ देत नव्हता. कोणी कानिफनाथाचं नाव काढलं की उठून जायचा. तिनं त्याला कधी काही विचारलं नाही. विचारण्यासारखं काही उरलंय असं तिला वाटलं नव्हतं.

तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

“ऐकलंस का?”

“ऐकलं.”

“कुनी काय इचारलं तर तोंड उघडायचं न्हाई.”

“तू उघडू नको म्हंजे झालं.”

“श्रीरामपूरला मामाकडं जा. आत्ताच यष्टी भेटंल.”

“मी जाऊन काय हुनार?” तो खाली बघत म्हणाला. मग हळूच तिची बोटं सोडवली. “तू हितनं हलू नको, आई.”

तो वाकून बाहेर गेला. निदान एवढं तरी ऐकलं, असं तिला वाटलं.

पुढचं काहीच तिच्या कानात शिरलं नाही. दारात पाऊल वाजलं की ती वळून बघायची. एकदा पट्टेवाला कोणाचं तरी नाव पुकारायला उठला, तेव्हा ती इतकी दचकून उठली की शेजारची बाई सरकून बसली. यष्टी सुटली असेल का? वाटेत तपासतात का? तिला काही माहीत नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत न्यायाधीश उठले. तिचे वकील चहाला गेले. त्यांच्या हाताखालची दया साळवे पुस्तकं आवरत होती.

“वकिलीनबाई...”

“वकिलीण साहेबांच्या घरी आहे, मावशी. मी वकीलच,” दया हसली. “बोला.”

“त्यांनी तीनशे दोन लावलं. कुनावर लावलं?”

दयाला आधी उमगलं नाही. मग तिनं एक जाडजूड पुस्तक पुढं ओढलं.

“अहो, लावलं नाही कोणावर. ते रूलिंग आहे. आपल्यासारखंच कोणाचं तरी भांडण हायकोर्टात जातं, तिथं निवाडा होतो, तो अशा पुस्तकात छापतात. पुढं तसंच भांडण आलं की वकील तो निवाडा दाखवतात. पण इतक्या निवाड्यांत हवा तो सापडायचा कसा? म्हणून प्रत्येकाला पत्ता असतो. एकोणीसशे एकाहत्तर हे पुस्तकाचं साल. मुंबई म्हणजे मुंबईचं हायकोर्ट. आणि शेवटचा आकडा पानाचा.”

“पानाचा?”

“पानाचा. हे बघा, इथं कोपऱ्यात. या पानावर तो सुरू होतो. वर दोन नावं आहेत, मध्ये ‘विरुद्ध’. अपील करणारा आधी, दुसरा नंतर. कलम असतं तर तसं म्हणाले असते. हा नुसता घरनंबर. आधीचा निवाडा पानभर लांबला असता, तर हाच तीनशे तीनवर गेला असता.”

गोजरबाईनं त्या आकड्यावर बोट ठेवलं. तिला तो वाचता येत नव्हता.

“ह्यात कुनी मेलंय का?”

“कोणी नाही. पाटाच्या पाण्याचं भांडण आहे.”

“आन् कानिफनाथाचं काय निघालं?”

“कोण कानिफनाथ?” दयानं विचारलं.

गोजरबाई खाली बसली आणि पदर तोंडाला लावून हसली की रडली, ते दयाला कळलं नाही. तिनं तांब्यातलं पाणी पुढं केलं. गोजरबाई ते घटाघटा प्यायली.

“आजून एकदा सांगा, बाई.”

“पान, मावशी. नुसतं पान.”

ती बाहेर आली. उन्हानं डोळे दिपले. श्रीरामपूरला निरोप कोणाबरोबर धाडावा, असा विचार करत ती आवारातून चालली होती. तेवढ्यात रस्त्यापलीकडच्या पोलीस चौकीतून गोरक्ष येताना दिसला. त्याच्या दोन्ही बाजूंना पोलीस होते. त्यातल्या एकानं त्याचा दंड धरला होता.

ती धावली. “गोरक्षा, ते कलम न्हाई रं. पान हाय, पुस्तकातलं पान. कुनी काय म्हनलंच न्हाई.”

त्याला त्यातलं काही कळलं नाही. तो तिच्या कानाशी वाकला.

“गप ऱ्हा, आई. कानिफनाथाला मीच ढकललं म्हनून सांगून आलो. त्या सांजंला तुला विहिरीवरनं पळत येताना म्या बघितलं हुतं, पर तुझं नाव कुटंबी येऊ दिलं न्हाई.”