बाळ घरी आल्यावर

उंबरठ्यातच थांबवून इंदुताईंनी नातीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. पहिलं बाळंतपण माहेरी, परभणीला झालेलं. त्यांची सून केतकी सव्वा महिन्यानं आज चिपळूणला परतली होती.

"किती गुणी गं! एवढ्या प्रवासात रडली नाही?"

"कधीच रडत नाही, आई. दुधालासुद्धा उठवावं लागतं."

इंदुताईंनी कौतुकानं देवघरातून एक पांढरी डबी आणली. तिच्यावर हळदकुंकू होतं. "दवाखान्यानं भेट पाठवलीय, बारशाच्याही आधी. गंमत म्हणून तुला फोनवर सांगितलं नाही. बोलते बघ."

"बाळ घरी आल्यावर मला उघडा," डबी म्हणाली.

केतकीनं डबी त्यांच्या हातातून ओढून घेतली. हल्ली जन्मताच टाचेतला रक्ताचा थेंब तपासून, ज्या बाळाला गरज असेल त्याचं औषध यंत्रच बनवायचं आणि बाळाच्या टाचेला लावली की उघडणाऱ्या अशा डबीतून घरी पाठवायचं. माहेरी काहीच आलं नाही, म्हणून सगळे निर्धास्त होते. पण दवाखान्यात पत्ता विचारला तेव्हा, सगळ्या जणी सांगतात तसा, तिनं सासरचा सांगितला होता.

तिनं डबी बाळाच्या टाचेला लावली. झाकण उघडलं नाही.

"मेंदू वाचवण्याची मुदत संपली आहे," डबी त्याच गोड आवाजात म्हणाली. "आता या औषधाचा उपयोग नाही. नोंदीसाठी सांगा, बाळ घरी कधी आलं?"

इंदुताईंना वाटलं, बरोबर उत्तर दिलं तर उघडेल. डबीजवळ तोंड नेऊन त्या काकुळतीनं म्हणाल्या, "आजच आलं, बाई. आत्ताच आलं."