राजे उतरत नाहीत

सहलीला निघालं की आमची खटारा गाडी वाटेत बंद पडायचीच. आम्ही तिघे घाम गाळत ढकलायचो आणि आमच्यातला चौथा, हा पठ्ठ्या, मागच्या सीटवर तंगड्या पसरून म्हणायचा, "मी उतरलो तर गाडीला वाईट वाटेल रे!" म्हणून त्याचं नाव राजे. गेल्या महिन्यात तर समुद्र राहिला बाजूला, अख्खी सहल गॅरेजच्या पायरीवर गेली.

आजही गाडी रस्त्यातच बसली. ड्रायव्हर म्हणाला, "जरा हात लावता का?" आम्ही तिघे उतरलो. ढकलता ढकलता दम लागला आणि सवयीने एकाच्या तोंडून निघून गेलं, "राजे, आज तरी उतरा की!"



शववाहिनीचं मागचं दार उघडून त्याची आई खाली उतरली, म्हणाली, "सरका रे, त्याच्या वाटचा हात मी लावते."