रंगीत तालीम

मार्ली धाडकन जमिनीवर कोसळली आणि व्यायामशाळेतल्या तीनशे पोरांनी टाळ्या पिटल्या.

"शाळेच्या नाटकात राणी होऊन मेली ना, ती हीच," मागून कुणीतरी ओरडलं. "मरायची सवयच आहे तिला!"

हशा पिकला. मुख्याध्यापक ड्वाइट हेन्सली दाराशी हाताची घडी घालून उभे होते आणि घड्याळाकडे बघत होते. नशेच्या गोळीनं कोसळलेल्याला कसं वाचवायचं, याच्या प्रात्यक्षिकाचा हा तमाशा त्यांना मुळातच नको होता. नदीपलीकडच्या शाळेतली दोन मुलं फेंटॅनिल हे जहाल अमली औषध मिसळलेल्या बनावट गोळ्यांनी गेली, हे खरं. पण ती नदीपलीकडची शाळा. आपल्याकडे असले प्रयोग केले की गावाला वाटणार, इथंही तसलं काही चालतं. शाळेच्या नर्स लोर्ना प्रुइटबाईंनी दोन महिने पिच्छा पुरवला, तेव्हा कुठे त्यांनी पंधरा मिनिटं दिली होती.

उताऱ्याच्या औषधाबाबत मात्र ते बधले नव्हते. नाकात मारायचे ते फवारे प्रत्येक मजल्यावर हाताशी असावेत, असं बाईंचं म्हणणं. "म्हणजे पोरांना सांगायचं, खुशाल घ्या, सोय केलीय," असं म्हणून हेन्सलींनी सगळे फवारे आपल्या खोलीतल्या कपाटात कुलूपबंद केले होते. खोली मैदानापलीकडच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. चावी त्यांच्या गळ्यात, फुटबॉलच्या शिट्टीशेजारी. आज बाईंच्या हातात होता तो सरावाचा, रिकामा.

"श्वास थांबला की आपल्या हातात फार तर चार मिनिटं असतात," बाई पोरांना सांगत होत्या. मार्लीकडे त्यांची पाठ होती. "त्याआधी घोरल्यासारखा आवाज येतो. तो ओळखायला शिका. ऐका."

मार्ली घोरली. खोल, घरघरत. पोरं पोट धरून हसली. पहिल्या रांगेतली तिची मैत्रीण कीली तेवढी हसली नाही.

हेन्सलींनाही हसू आवरेना. पोरगी गुणाची. वर्गात पहिल्या पाचात, चर्चच्या गाण्यात सगळ्यांच्या पुढे. अर्ध्या तासापूर्वी पाण्याच्या नळाशी त्यांनी तिला एक गोळी गिळताना पाहिलं होतं. शाळेत साधी डोकेदुखीची गोळीसुद्धा जवळ बाळगायची नाही, हा त्यांचाच नियम.

"काय गं ते?"

"हातपाय कापतायत सर. एवढ्या सगळ्यांसमोर पडायचं म्हणजे... कीलीनं दिली. तिची आई घेते तसलीच आहे म्हणे."

दुसरं कुणी असतं तर त्यांनी तिथल्या तिथे दप्तर उलटं करायला लावलं असतं. पण मार्लीला ते म्हणाले, "बरं, पळ आता. आमचं नाक कापू नकोस म्हणजे झालं."

घोरणं थांबलं होतं. बाई पुढच्या रांगेतल्या एका मुलीला फवारा कसा धरायचा ते दाखवत होत्या. मुलीला काही जमेना, आणि पुन्हा खसखस पिकली.

"बाई," कीली एकदम म्हणाली, "ती किती वेळ श्वास रोखून धरणारे?"

"अगं, नट लोकांचा दम मोठा असतो," कुणीतरी परस्पर उत्तर दिलं.

पंधरा मिनिटं संपली. हेन्सली समाधानानं पुढे आले. एकदाचं पार पडलं, ब्याद टळली. "चला, ऊठ मार्ली. तास सुरू व्हायचाय."

मार्ली उठली नाही.

"उठा की राणीसाहेब!" पोरांनी गलका केला.

हेन्सली तिच्याशेजारी वाकले. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता आणि ओठ निळे पडले होते. मनात नसतानाही त्यांना कौतुक वाटलं.

"मानलं तुम्हाला, बाई," ते मोठ्यानं म्हणाले. "ओठ तर ओठ, नखंसुद्धा निळी रंगवलीत."

बाई वळल्या. त्यांच्या हातातला रिकामा फवारा खाली पडला. दुसऱ्या क्षणी त्या गुडघ्यांवर होत्या, कान मार्लीच्या तोंडाशी. मग त्यांनी वर पाहिलं, ते हेन्सलींच्या गळ्यातल्या चावीकडे.

"पळा सर," त्या म्हणाल्या. "मी तिला काहीही रंगवलेलं नाही."